मिर्चा लुचेस्कू: वेळ मिळाला तर संघ घडवणारा माणूस

प्रश्न असा आहे: “रोमानियाच्या मिर्चा लुचेस्कूनं प्रशिक्षक म्हणून तीसहून जास्त चषक जिंकले. पण खेळाडू म्हणून त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही आणि इटलीतल्या इंटर मिलान क्लबात तर तो चार महिनेही टिकला नाही. मग त्याला थोर का म्हणायचं? आणि लहान गटांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्या नवख्या प्रशिक्षकानं त्याच्या कारकिर्दीतून नेमकं काय बघावं?”

आधी पहिला गैरसमज काढू. खेळाडू म्हणून लुचेस्कू किरकोळ नव्हता. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात तो रोमानियाचा कर्णधार होता आणि तो गट होता इंग्लंड, ब्राझील आणि चेकोस्लोव्हाकियाचा. इंग्लंड तेव्हाचं जगज्जेतं, ब्राझील त्याच स्पर्धेत जगज्जेतं झालं. रोमानिया इंग्लंडकडून ०-१ हरलं, चेकोस्लोव्हाकियाला २-१ हरवलं आणि पेलेच्या ब्राझीलपुढे २-३ असं झुंजून बाहेर पडलं. बुखारेस्टच्या दिनामो क्लबात तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा खेळाडू होता. पळणारा, पण त्याहून जास्त बघणारा. शिवाय खेळता खेळता त्यानं बुखारेस्टमध्ये अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि भाषा शिकल्या. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. पुढच्या चाळीस वर्षांत त्याला या भाषांचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही डावपेचाचा झाला नसेल, असं माझं मत आहे. त्याकडे नंतर येतो.

४ मार्च १९७७ला बुखारेस्टमध्ये मोठा भूकंप झाला. दीड हजारांवर माणसं गेली. त्यानंतर लुचेस्कूनं राजधानी सोडली आणि कुटुंबासह हुनेदोआराला गेला. हुनेदोआरा म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातलं पोलादाच्या कारखान्याचं गाव, आणि तिथला क्लब कोर्विनुल. बत्तिशीतला, राष्ट्रीय संघाचा माजी कर्णधार अशा ठिकाणी जातो तेव्हा लोक समजतात की शेवटची दोन-तीन वर्षं काढायला आला. क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि १९७९मध्ये त्यानं खेळाडू असतानाच प्रशिक्षकपदही घेतलं.

त्याच्या कारकिर्दीतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम इथे झालं, आणि चषकांच्या यादीत ते कुठेच दिसत नाही. पैसे नव्हते, बाहेरचे खेळाडू येणार नव्हते, म्हणून त्यानं स्थानिक पोरं उचलली. मिखाएल क्लाइन, इओआन आंदोने, मिर्चा रेद्निक, रोमुलस गाबोर, दोरिन माटेउत्स. यातला गाबोर १९८१च्या युवा विश्वचषकात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. रोमानिया तिथे तिसरं आलं. कोर्विनुल एका वर्षात वर आला आणि १९८१-८२च्या मोसमात लीगमध्ये तिसरा. पुढच्या वर्षी हे कारखान्याचं गाव युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत खेळलं.

खेळाडू-प्रशिक्षक असण्याचा एक फायदा असतो, तो बाहेरून कळत नाही. सतरा-अठराच्या पोराला बाजूच्या रेषेवरून ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही. त्याच्या कानात गर्दी असते. पण शेजारी तोच माणूस खेळत असेल तर चूक झाल्याच्या पुढच्याच क्षणी दोन शब्दांत दुरुस्ती होते. लुचेस्कूनं मुलं मैदानाच्या आतून घडवली. (खेळायची हौसही दांडगी होती. १९९०मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, तो दिनामोकडून एका लीग सामन्यात उतरला.)

१९८१मध्ये राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला. तोवर रोमानिया युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेच्या मुख्य फेरीत कधीच नव्हतं. १९८४च्या पात्रता गटात इटली होतं, नुकतंच १९८२चा विश्वचषक जिंकलेलं. लुचेस्कूच्या संघानं फ्लोरेन्समध्ये ०-० बरोबरी साधली आणि एप्रिल १९८३मध्ये बुखारेस्टला इटलीला १-० हरवलं. गट जिंकून रोमानिया फ्रान्सला गेलं. तिथे स्पेनशी बरोबरी आणि दोन पराभव, म्हणजे फार काही नाही. पण त्या वाटेवर, ऑगस्ट १९८३मध्ये ऑस्लोत नॉर्वेविरुद्ध, त्यानं अठरा वर्षांच्या एका मुलाला पहिली संधी दिली. तो गिओर्गे हाजी. पुढची सतरा वर्षं रोमानियाचा फुटबॉल त्याच्याभोवती फिरला.

आता जे कौतुक करण्यासारखं नाही तेही सांगितलं पाहिजे. १९८५च्या अखेरीस लुचेस्कू दिनामोचा प्रशिक्षक झाला. दिनामो हा गृहखात्याचा क्लब, स्तेआवा लष्कराचा, आणि स्तेआवाच्या मागे हुकूमशहा चाउशेस्कूचा मुलगा. अशा लीगमध्ये मैदानावरचं सगळंच मैदानावर ठरत नव्हतं. १९८८च्या कप अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोल नाकारल्यावर स्तेआवाचा संघ मैदान सोडून गेला, तरी कप त्यांनाच दिला गेला. म्हणून दिनामो बिचारा होता असंही नाही. १९८६-८७मध्ये दिनामोच्या रोदिओन कामातारूनं मोसमाच्या अखेरीस गोलांचा असा पाऊस पाडला की ४४ गोल करून तो युरोपचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्यावर इतका संशय घेतला गेला की ३९ गोल करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या टोनी पोल्स्टरला नंतर वेगळा सोन्याचा बूट द्यावा लागला. तेव्हा दिनामोचा प्रशिक्षक लुचेस्कूच होता. त्याची कारकीर्द सांगणारे बहुतेक लोक हे पान उलटून पुढे जातात.

त्याच दिनामोत मात्र त्यानं पुन्हा तीच शेती केली. हुनेदोआराची जुनी पोरं तिथे आली, फ्लोरिन रादुचोयू शाळकरी वयात पहिल्या संघात आला, आणि १९९०मध्ये संघानं लीग व कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यात स्तेआवाविरुद्ध ६-४! त्याच वर्षी कप विजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेत ते उपांत्य फेरीपर्यंत गेले. डिसेंबर १९८९ला राजवट पडली होती, सीमा उघडल्या होत्या. सगळे निघाले, लुचेस्कूही निघाला.

इटलीतली त्याची वर्षं म्हणजे तुमच्या दुसऱ्या शंकेचं, इंटरबद्दलच्या, उत्तर आहे. पहिला क्लब पीसा. त्याचा मालक प्रशिक्षक बदलण्यासाठी प्रसिद्धच होता. मोसम संपायच्या आत लुचेस्कू घरी. त्या संघात विशीतला एक अर्जेंटिनी पोरगा होता, दिएगो सिमेओने, एवढं जाता जाता नोंदवतो. मग ब्रेशिया. इथे त्याला पाच वर्षं मिळाली. दुसऱ्या श्रेणीचं अजिंक्यपद १९९२मध्ये, मग घसरण, मग पुन्हा बढती, मग पुन्हा घसरण. हाजी, रादुचोयू, साबाऊ, माटेउत्स असे चार रोमानियन त्यानं आणले. हाजी रेआल माद्रिद सोडून आला होता आणि एक वर्ष इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला, हे आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही. १९९४मध्ये वेम्बलीवर नॉट्स काउंटीला १-० हरवून त्यांनी अँग्लो-इटालियन कप जिंकला. मोठा चषक नव्हे, पण ब्रेशियात अजून आठवण काढतात.

आणि तिथेच क्लबच्या मुलांमधून एका पंधरा-सोळा वर्षांच्या, नाजूक अंगाच्या पोराला त्यानं मोठ्यांच्या सरावात आणलं. आंद्रेया पिर्लो. सोळा पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांत, मे १९९५मध्ये, पिर्लो पहिल्या श्रेणीत खेळला. तुम्ही लहान गटाला शिकवता म्हणून हा मुद्दा जरा ताणतो. अशा मुलाला वर आणायचं कधी, हा आपल्या धंद्यातला सगळ्यात अवघड निर्णय. बहुतेक प्रशिक्षक अंगकाठी बघतात: पळतो किती, धक्का खातो किती. लुचेस्कू बघायचा की चेंडू पायाशी येण्याआधी या मुलाला पुढचा पास दिसलेला आहे का. अंगकाठी दोन वर्षांत येते, नजर येत नाही. ज्यांना त्यानं लवकर वर आणलं त्यांची नावं एका ओळीत लिहा आणि तपासा: हाजी, रादुचोयू, पिर्लो, पुढे विलियन, डग्लस कोस्टा. सगळे असेच.

आता इंटर. नोव्हेंबर १९९८च्या अखेरीस क्लबनं प्रशिक्षक जीजी सिमोनीला काढलं, तेही त्याच्या संघानं रेआल माद्रिदला ३-१ हरवल्यावर काही दिवसांत. लुचेस्कूला बोलावलं ते मोसम निभावून न्यायला. ड्रेसिंग रूममध्ये रोनाल्डो, बाज्जो, झानेत्ती, सिमेओने, शिवाय जुना ओळखीचा पिर्लो. सुरुवातीला गोल धो धो झाले, व्हेनेझियाविरुद्ध ६-२ वगैरे. मग मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून दोन सामन्यांत मिळून ३-१ हार, चारच दिवसांनी सांपदोरियाकडून ४-० आणि विषय संपला. त्या मोसमात इंटरनं एकूण चार प्रशिक्षक वापरले. यातून लुचेस्कूची मर्यादा दिसते की इंटरची, हा वाद घालता येतो. मला दोन्ही दिसतात. संघ घडवणाऱ्याला तयार संघ सांभाळायला दिला, तोही उसन्या खुर्चीवर बसवून. रोनाल्डोला दुखऱ्या गुडघ्यासह आज खेळवायचं की नाही, असल्या प्रश्नांना त्याच्याकडे खास उत्तर नव्हतं. तसं उत्तर असणारे प्रशिक्षक वेगळ्या जातीचे असतात.

इथे कोणी म्हणेल, “मग तुर्कस्तानात कसं जमलं?” रास्त हरकत आहे, कारण तिथे वेळ मिळाला नव्हता आणि तरी यश आलं. २०००च्या उन्हाळ्यात तो इस्तंबूलच्या गालातासराय क्लबला गेला. आधीचा प्रशिक्षक फातिह तेरिमनं नुकताच युएफा कप जिंकून दिला होता आणि तो निघून गेला होता. लुचेस्कूनं ऑगस्टमध्ये मोनाकोत रेआल माद्रिदला २-१ हरवून सुपर कप घेतला. दोन्ही गोल जार्देलचे, दुसरा जादा वेळेतला गोल्डन गोल, म्हणजे झाला की सामना तिथेच संपतो असा. पुढच्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच माद्रिदविरुद्ध इस्तंबूलमध्ये ०-२ मागे पडून ३-२ जिंकले (परतीला ०-३ हरले). २००२ला लीग जिंकली. क्लबला मात्र तेरिम परत हवा होता, म्हणून लुचेस्कू शहरातल्याच बेशिक्ताशला गेला आणि पहिल्याच मोसमात, क्लबच्या शताब्दी वर्षात, त्यांना विजेते केलं. ऑक्टोबर २००३मध्ये बेशिक्ताशनं चेल्सीला त्यांच्याच मैदानावर २-० हरवलं.

माझं उत्तर असं: त्याला वेळ लागतो हे अर्धंच खरं. त्याला वेळ तरी हवा, नाहीतर कोण खेळणार हे ठरवायचा पूर्ण हक्क तरी हवा. तुर्कस्तानात दुसरी गोष्ट होती. इंटरमध्ये दोन्ही नव्हत्या. आणि जिथे दोन्ही मिळाल्या तिथे काय झालं ते पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्कमध्ये दिसतं.

मे २००४मध्ये तो तिथल्या शाख्तार क्लबला आला तेव्हा त्या क्लबाकडे युक्रेनच्या लीगचं एकच विजेतेपद होतं. मालक रिनात अखमेतोवकडे पैसा होता आणि, हे जास्त दुर्मीळ, धीर होता. बारा वर्षांत आठ लीग, सहा कप. पण आकड्यांपेक्षा पद्धत बघा. मागची फळी पूर्व युरोपची: गोलरक्षक पियातोव, उजवीकडे क्रोएशियन कर्णधार दारियो स्रना, डावीकडे रोमानियन राझ्वान रात्स, समोर ढाल म्हणून पोलंडचा मारिउश लेवांडोव्स्की. पुढची फळी ब्राझीलची. ब्राझीलहून खेळाडू आणणारे क्लब खूप होते. लुचेस्कू वय बघून आणायचा. लुईझ आद्रियानो १९, विलियन १९, डग्लस कोस्टा १९, फर्नांडिन्यो २०, आलेक्स तेशेरा २०. म्हणजे तयार व्हायच्या आधीचे.

एकोणीस वर्षांचा मुलगा साओ पावलोहून थेट दोनेत्स्कच्या हिवाळ्यात उतरतो. भाषा येत नाही, उणे दहा-पंधरा तापमान, खाणकामगारांचं शहर. एकटा आला असता तर तीन महिन्यांत पळाला असता. तिथे त्याला आधी आलेले पाच-सहा ब्राझिलियन भेटायचे आणि प्रशिक्षक त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलायचा. दुभाष्याकडून आलेली सूचना आणि प्रशिक्षकाच्या तोंडून, आपल्या भाषेत आलेली शिवी, यांतला फरक कुठल्याही खेळाडूला विचारा. पहिलं वर्ष बहुधा शिकण्यात जायचं, मुख्यतः चेंडू गेल्यावर मागे धावण्यात. ब्राझीलमध्ये विंगरला हे कोणी शिकवत नव्हतं. फर्नांडिन्यो आठ वर्षांनी मँचेस्टर सिटीत गेला आणि तिथे जगातल्या उत्तम बचावात्मक मिडफिल्डरांपैकी एक झाला, त्याचं मूळ इथे आहे. दोनेत्स्कच्याच दुसऱ्या क्लबातून घेतलेला आर्मेनियाचा मखितार्यान २०१२-१३मध्ये लीगमध्ये २५ गोल करून डॉर्टमुंडला गेला. एक विकला जायचा तोवर दुसरा तयार असायचा.

२० मे २००९ला इस्तंबूलमध्ये शाख्तारनं वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत २-१ हरवून युएफा कप जिंकला. लुईझ आद्रियानो आणि जादसन यांचे गोल. उपांत्य फेरीत त्यांनी दिनामो कीव्हला काढलं होतं. स्वतंत्र युक्रेनच्या क्लबानं जिंकलेला तो पहिला युरोपियन चषक. त्या नावानं खेळवलेली ती शेवटची स्पर्धा होती, पुढच्या मोसमापासून युरोपा लीग झाली. २०११मध्ये रोमाला दोन्ही सामन्यांत हरवून ते चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि बार्सेलोनापुढे थांबले.

२०१४मध्ये युद्ध दोनेत्स्कमध्ये आलं. २००९मध्ये उघडलेल्या दोनबास अरेनावर गोळे पडले. संघ कीव्हमध्ये राहू लागला आणि घरचे सामने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ल्वीव्हमध्ये खेळू लागला. त्या जुलैत फ्रान्समधल्या एका सराव सामन्यानंतर कोस्टा, तेशेरासह सहा खेळाडूंनी परत यायला नकार दिला. कोण त्यांना दोष देईल? तरी ते परतले, आणि ऑक्टोबरमध्ये बेलारूसमधल्या बोरिसोवला बाटे क्लबाविरुद्ध शाख्तारनं ७-० जिंकले, त्यातले पाच गोल लुईझ आद्रियानोचे. लीग मात्र सलग दोन वर्षं दिनामो कीव्हकडे गेली. २०१६चा कप जिंकून लुचेस्कू निघाला.

सेंट पीटर्सबर्गचा झेनित आणि तुर्कस्तानचा राष्ट्रीय संघ, ही पुढची दोन कामं मी पटकन ओलांडतो, कारण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. झेनितला एका मोसमात तिसरा क्रमांक आणि निरोप.

मग २०२०मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यानं दिनामो कीव्ह घेतलं. शाख्तारचा कट्टर प्रतिस्पर्धी! कीव्हचे कडवे समर्थक इतके खवळले की चार दिवसांत त्यानं राजीनामा जाहीर केला, मग थांबला. त्याच मोसमात लीग, कप आणि सुपर कप तिन्ही जिंकून दिले. ऑक्टोबर २०२०मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटस कीव्हला आलं, त्यांचा नवा प्रशिक्षक पिर्लो. शिष्याचा त्या स्पर्धेतला प्रशिक्षक म्हणून पहिलाच सामना, आणि तो २-० जिंकला. नोव्हेंबर २०२३मध्ये शाख्तारकडून हरल्यावर लुचेस्कूनं कीव्ह सोडलं आणि ऑगस्ट २०२४मध्ये, ७९व्या वर्षी, पुन्हा रोमानियाच्या संघाची सूत्रं घेतली, पहिली खेप संपल्यावर ३८ वर्षांनी.

तुम्ही त्याच्याकडून काय बघावं? चषकांची यादी बाजूला ठेवा. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांत चौदा वर्षांखालील संघसुद्धा जिंकण्यासाठीच उतरवतात, आणि नजर असलेला बारका पोरगा बाकावर बसतो. त्या पोराला शेवटची दहा मिनिटं देऊ नका, सुरुवातीपासून द्या. त्याच्या शेजारी तुमच्याकडचा सगळ्यात समजूतदार, मोठा खेळाडू ठेवा. मैदानात उतरायचं तुमचं वय राहिलं नसेल तर लुचेस्कूचं हुनेदोआरातलं काम तो करेल. परराज्यातून आलेली मुलं असतील तर त्यांच्या भाषेतले निदान मैदानावरचे शब्द शिका.

आणि २००९चा तो अंतिम सामना मिळवून पूर्ण बघा, पण चेंडूच्या मागे जाऊ नका. स्रना आणि रात्स दोघे एकाच वेळी पुढे गेले की लेवांडोव्स्की कुठे येऊन उभा राहतो, आणि चेंडू गेल्यावर विलियन किती पावलांत मागे वळतो, तेवढंच वहीत टिपा. पूर्वार्धाला पुरेल इतकं काम आहे.